जुन्या चौकोनी टीव्हीवर रुंद पडद्याचे प्रक्षेपण कसे पाहावे

गावाकडच्या घरी, आजी-आजोबांच्या खोलीत किंवा कारखान्याच्या चौकीदाराच्या केबिनमध्ये अजूनही काचेच्या नळीचे, पाठीमागे फुगलेले टीव्ही चालू स्थितीत आढळतात. अशा संचाला नवा सेट टॉप बॉक्स जोडला की तीनपैकी एक तक्रार हमखास येते. एकतर सगळी माणसे उंच आणि सडपातळ दिसू लागतात, नाहीतर चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात, किंवा बातम्यांच्या सरकत्या पट्टीची आणि क्रिकेटच्या धावफलकाची दोन्ही टोके पडद्याबाहेर जातात. यांपैकी टीव्ही बिघडल्याचे लक्षण एकही नाही. येणारे चित्र एका आकाराचे आणि काच दुसऱ्या आकाराची असल्यामुळे हे घडते, आणि बहुतेक घरांत बॉक्सच्या मेन्यूतील एक-दोन पर्याय बदलून त्याचा बंदोबस्त करता येतो.

जुन्या टीव्हीची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ४:३ असते. मूकपटांच्या काळातील फिल्मच्या चौकटीचे प्रमाण पुढे दूरचित्रवाणीने उचलले, आणि १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेही याच आकारात. आजच्या वाहिन्यांचे चित्रीकरण मात्र १६:९ या रुंद आकारात होते. १९८०च्या दशकात अमेरिकेतील अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी चित्रपटांचे आणि दूरचित्रवाणीचे प्रचलित आकार एकमेकांवर मांडून सर्वांना सोयीचा म्हणून हा मधला आकार सुचवला होता. जोपर्यंत केबल ॲनालॉग होती आणि वायर थेट टीव्हीच्या पाठीत जात असे, तोपर्यंत चित्राचा आकार प्रक्षेपकच ठरवत असे आणि प्रेक्षकाच्या हाती काही नव्हते. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर, पुणे-नागपूरसारख्या शहरांत मार्च २०१३ अखेर आणि देशाच्या उरलेल्या भागांत मार्च २०१७पर्यंतच्या मुदतींनी केबल डिजिटल झाली. तेव्हापासून चित्र कोणत्या आकारात टीव्हीकडे सोडायचे हा निर्णय घरातला बॉक्स घेतो, आणि आपला टीव्ही कोणत्या आकाराचा आहे हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या प्रक्षेपणात प्रत्येक चित्र ७२० बिंदू रुंद आणि ५७६ ओळी उंच असते. वाहिनी ४:३ची असो वा १६:९ची, ही संख्या तीच राहते. रुंद चित्र आडवे दाबून त्याच चौकटीत बसवलेले असते, आणि त्यासोबत ‘हे चित्र १६:९ आहे’ अशी एक खूण पाठवली जाते. बॉक्स ती खूण वाचतो, मेन्यूत नोंदवलेला टीव्हीचा आकार पाहतो आणि त्यानुसार चित्र उलगडतो. मेन्यूत टीव्ही रुंद असल्याची नोंद असेल, तर ‘पुढचे टीव्ही पाहून घेईल’ अशा समजुतीने बॉक्स दाबलेले चित्र तसेच पुढे पाठवतो. जुना टीव्ही ते आहे तसे काचभर पसरवतो, आणि मालिकेतली सासू-सून दोघीही एकाएकी शिडशिडीत होतात.

आधी जोडणी

आकाराच्या मागे लागण्यापूर्वी जोडणी तपासून घ्यावी. टीव्हीच्या मागे किंवा पुढच्या झाकणाखाली पिवळा, पांढरा आणि लाल असे तीन गोल सॉकेट असतात. पिवळ्यातून चित्र जाते, पांढऱ्या आणि लालमधून डाव्या-उजव्या बाजूचा आवाज. जुन्या मोनो संचांत पिवळा आणि पांढरा असे दोनच असतात, तिथे लाल पिन मोकळी ठेवली तरी चालते. बॉक्स आणि टीव्ही दोन्ही बंद करून रंगाला रंग जोडावा, मग टीव्हीच्या रिमोटवरील ‘एव्ही’ किंवा ‘टीव्ही/व्हिडिओ’ असे लिहिलेले बटण चित्र येईपर्यंत दाबावे.

अलीकडच्या बऱ्याच बॉक्सना हे तीन सॉकेट नसतात. त्यांच्या जागी हेडफोनसारखे एकच बारीक छिद्र असते आणि त्यात एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला तीन पिना असलेली केबल लागते. या केबली दिसायला सारख्या असल्या तरी आतली जोडणी प्रत्येक उत्पादकाची वेगळी असू शकते, त्यामुळे बॉक्ससोबत आलेलीच केबल वापरावी. दुकानातून आणलेल्या केबलने चित्राऐवजी नुसती गुरगुर ऐकू आली, तर ती परत करण्यापूर्वी पिवळ्या सॉकेटमध्ये लाल आणि मग पांढरी पिन लावून पाहावी. पुष्कळदा चित्र लाल पिनेतून येत असते.

फारच जुन्या संचाला फक्त अँटेनाचे सॉकेट असते. तिथे ‘आरएफ आउट’ असलेला बॉक्स किंवा स्वतंत्र आरएफ मॉड्युलेटर, म्हणजे बॉक्सचे चित्र आणि आवाज अँटेनाच्या सॉकेटमधून जातील अशा रूपात बदलणारे छोटे उपकरण, लागतो. मॉड्युलेटरवर प्रणाली निवडण्याची सोय असल्यास ती ‘बी/जी’वर ठेवावी, कारण आपल्याकडचे जुने संच त्या प्रणालीचे आहेत. प्रणाली चुकल्यास चित्र दिसते पण आवाजाऐवजी खरखर येते. मॉड्युलेटर चालू ठेवून टीव्हीवर चॅनल शोधून एका क्रमांकावर साठवला की काम झाले.

चित्र येते पण कृष्णधवल दिसते आणि खाली-वर सरकत राहते, असे झाल्यास बॉक्सच्या मेन्यूत ‘व्हिडिओ फॉरमॅट’ किंवा ‘टीव्ही स्टँडर्ड’ शोधावे. तिथे चुकून एनटीएससी ही अमेरिकेतली रंगीत चित्राची पद्धत निवडलेली असते, ती बदलून पाल (PAL) ही आपल्याकडची पद्धत निवडावी.

बॉक्सला टीव्हीचा आकार सांगणे

आता मुख्य काम. बॉक्सच्या रिमोटवरचे ‘मेन्यू’ किंवा ‘होम’ दाबून सेटिंग्जमध्ये जावे. प्रत्येक कंपनीने नावे वेगळी ठेवली आहेत. कुठे ‘टीव्ही सेटिंग’, कुठे ‘डिस्प्ले’, कुठे ‘ऑडिओ-व्हिडिओ’ किंवा ‘सिस्टम सेटअप’ असे लिहिलेले असते. त्याच्या आत ‘ॲस्पेक्ट रेशो’, ‘टीव्ही टाइप’, ‘स्क्रीन मोड’ यांपैकी एखादी ओळ सापडते. काही बॉक्स पासवर्ड विचारतात. तो सोबतच्या पुस्तिकेत असतो, आणि पुस्तिका हरवली असेल तर केबलवाल्याला किंवा कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारून घ्यावा.

या ओळीत दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. पहिला प्रश्न टीव्हीच्या आकाराचा आहे, आणि त्याचे उत्तर ४:३ असेच द्यावे. दुसरा प्रश्न असा की रुंद चित्र आले तर ते या काचेत कसे बसवायचे. काही बॉक्स हे दोन प्रश्न दोन ओळींत विचारतात, काही दोन्हींची उत्तरे जोडून ‘४:३ एलबी’, ‘४:३ पीएस’, ‘१६:९’, ‘ऑटो’ अशी एकच यादी देतात. एलबी म्हणजे लेटरबॉक्स आणि पीएस म्हणजे पॅन अँड स्कॅन. नुसते ‘ऑटो’ निवडून निर्धास्त राहू नये. एव्ही केबलमधून, म्हणजे वरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या केबलमधून, टीव्ही स्वतःचा आकार बॉक्सला कळवू शकत नाही, त्यामुळे ऑटोचा अर्थ प्रत्येक बॉक्स आपापल्या परीने लावतो.

लेटरबॉक्समध्ये रुंद चित्र पूर्ण रुंदीने दाखवले जाते आणि वर-खाली उरलेली जागा काळी राहते. पॅन अँड स्कॅनमध्ये चित्र पूर्ण उंचीचे राहते आणि डाव्या-उजव्या कडा कापल्या जातात. महत्त्वाचा भाग जिथे असेल तिकडे चौकट सरकवावी अशी या दुसऱ्या पद्धतीची मूळ कल्पना होती, परंतु प्रक्षेपणात तशी सूचना क्वचितच पाठवली जाते, म्हणून प्रत्यक्षात बॉक्स चित्राचा मधला भाग ठेवून दोन्ही बाजू सरळ कापतो. काही मेन्यूंत याला ‘सेंटर कट’, ‘क्रॉप’ किंवा ‘झूम’ म्हटलेले असते. ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ हा तिसरा पर्याय चित्र दाबून काच भरतो.

कोणत्या पर्यायाने किती जागा मिळते हे एका उदाहरणाने पाहू. ज्याची दिसणारी काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ५१ सेंमी आहे असा, घरोघरी असलेला, २१ इंची म्हणून विकला गेलेला संच घ्या. त्याची रुंदी जवळपास ४१ सेंमी आणि उंची साडेतीस सेंमी भरते. लेटरबॉक्समध्ये १६:९चे चित्र ४१ सेंमी रुंद आणि २३ सेंमी उंच होते, म्हणजे वर आणि खाली पावणेचार सेंमीची एकेक पट्टी. ५७६पैकी ४३२ ओळीच चित्राच्या वाट्याला येतात. कडा कापण्याच्या पद्धतीत काच पूर्ण भरते, पण मूळ चित्राचा डावीकडचा एक अष्टमांश आणि उजवीकडचा एक अष्टमांश दिसतच नाही. चित्रपट याहून रुंद, म्हणजे २.३५:१च्या आकाराचा असेल तर लेटरबॉक्समध्ये त्याची उंची साडेसतरा सेंमीच्या आत येते, आणि तेव्हा बसायची खुर्ची थोडी पुढे ओढण्यावाचून इलाज नसतो.

माझे मत स्पष्ट आहे. कायमची निवड लेटरबॉक्सची असावी. काळ्या पट्ट्या पाहून ‘पैसे पूर्ण काचेचे दिले आणि टीव्ही अर्धा चालतो’ अशी कुरकुर घरात होते, ती पहिले काही दिवस सहन करावी. कडा कापलेल्या चित्रात मराठी वृत्तवाहिनी पाहणे हा त्याहून मोठा त्रास आहे. त्या वाहिन्यांवर खाली दोन-तीन पट्ट्या सरकत असतात, बाजूला चौकटी असतात, आणि ठळक मथळ्याचे पहिले आणि शेवटचे अक्षर कापले गेले की ‘मुख्यमंत्री’ऐवजी ‘ख्यमंत्र’ वाचायची वेळ येते. क्रिकेटमध्ये धावसंख्या एका टोकाला आणि गोलंदाजाचे आकडे दुसऱ्या टोकाला लिहिलेले असतात, त्यामुळे तिथेही हेच होते. दृष्टी अधू झालेल्या वडीलधाऱ्यांना चेहरे मोठे हवे असतील आणि ते प्रामुख्याने मालिका किंवा कीर्तन पाहत असतील, तर त्यांच्यासाठी कडा कापण्याची पद्धत ठेवायला हरकत नाही, कारण अशा कार्यक्रमांत पाहण्याजोगे सारे बहुधा मध्यभागीच असते.

या दोहोंमधला एक मार्ग १४:९चा आहे. त्यात कडा थोड्या कापल्या जातात आणि पट्ट्या बारीक येतात. चित्राची साडेबारा टक्के रुंदी जाते आणि ४९० ते ४९५ ओळी वापरल्या जातात. ब्रिटनमध्ये रुंद प्रक्षेपण सुरू झाल्यानंतर जुने संच वापरणाऱ्या प्रेक्षकांसाठी बीबीसी ॲनालॉग वाहिन्यांवर हीच तडजोड करत असे, आणि मजकूर व महत्त्वाची हालचाल १४:९च्या आत राहील अशा बेताने कार्यक्रमही चित्रित केले जात. आपल्याकडच्या बॉक्सच्या मेन्यूत हा पर्याय क्वचित आढळतो, पण आढळलाच तर एकदा पाहून घ्यावा.

ताणलेले चित्र मात्र कोणाच्याही सोयीचे नसते. दुर्दैवाने डोळा त्याला चार दिवसांत सरावतो, आणि मग खरे चित्र लावून दिले की माणसे जाड दिसतात अशी तक्रार येते. म्हणून आकार डोळ्यांवर विसंबून ठरवू नये, मोजून ठरवावा. पडद्याच्या मध्यभागी समोरून दिसणारे एखादे वर्तुळ येऊ द्यावे. भिंतीवरचे घड्याळ, पाककृतीच्या कार्यक्रमातले वरून दाखवलेले ताट, बातम्यांच्या सुरुवातीचा पृथ्वीगोल यांपैकी काहीही चालते. शिवणकामाची टेप काचेवर धरून त्याची उंची आणि रुंदी मोजावी. उंची ८ सेंमी आणि रुंदी ६ सेंमी भरली, म्हणजे रुंदी उंचीच्या पाऊणपट आली, तर १६:९चे चित्र दाबून दाखवले जात आहे आणि बॉक्सच्या मेन्यूत टीव्हीचा आकार चुकलेला आहे. दोन्ही मापे सारखी आली की आकार बरोबर. काठाजवळचे वर्तुळ मोजू नये, कारण नळीच्या टीव्हीत कोपऱ्यांकडे चित्र थोडे वाकडे होतेच.

प्रत्येक वाहिनी वेगळी

मेन्यू नीट लावल्यावरही काही वाहिन्या विचित्र दिसतात. चित्राच्या चारही बाजूंना काळी जागा येणे हा त्यांतला नेहमीचा प्रकार. जुना ४:३चा कार्यक्रम वाहिनीने स्वतःच दोन बाजूंना काळ्या पट्ट्या लावून रुंद चौकटीत बसवलेला असतो, आणि आपला बॉक्स त्या चौकटीला वर-खाली आणखी पट्ट्या लावतो. दूरदर्शनच्या जुन्या संग्रहातील कार्यक्रम पाहताना हे होऊ शकते. वर सांगितलेल्या संचावर असे चित्र साडेतीस बाय तेवीस सेंमीचेच उरते, म्हणजे काचेच्या निम्म्याहून थोडे अधिक क्षेत्र. अशा वेळी तेवढ्यापुरता कडा कापण्याचा पर्याय लावावा. कापल्या जातात त्या फक्त काळ्या पट्ट्या, आणि मूळ कार्यक्रम काचेत तंतोतंत बसतो. ज्यांच्या रिमोटवर ‘झूम’ किंवा आकाराच्या चौकटीचे चित्र असलेले स्वतंत्र बटण आहे, त्यांना यासाठी मेन्यूत शिरावेही लागत नाही.

याउलट, काही वाहिन्या ४:३च्या खुणेसह येतात आणि वर-खालच्या पट्ट्या चित्रातच पक्क्या केलेल्या असतात. तिथे कोणताही पर्याय निवडला तरी फरक पडत नाही, आणि पडण्याची गरजही नाही.

एखाद्याच वाहिनीवर प्रत्येक पर्यायात माणसे सडपातळच दिसत असतील आणि बाकी साऱ्या वाहिन्या व्यवस्थित असतील, तर रुंद चित्रासोबत चुकीची खूण येत आहे असे समजावे. ही गडबड वाहिनीकडून किंवा केबलच्या नियंत्रण कक्षात चित्र पुन्हा रूपांतरित होताना होऊ शकते. केबल असल्यास केबलवाल्याला वाहिनीचे नाव आणि क्रमांक सांगून तक्रार करावी, आपल्या बॉक्सचे सेटिंग त्या एका वाहिनीसाठी बिघडवू नये.

काठावरची अक्षरे लेटरबॉक्समध्येही थोडी कापलेली दिसतील. नळीचे टीव्ही चित्र काचेपेक्षा किंचित मोठे रंगवतात, जेणेकरून विजेचा दाब कमी-जास्त झाला तरी कडेला काळी फट दिसू नये. त्यामुळे प्रत्येक बाजूचे काही टक्के चित्र नेहमीच झाकलेले असते. मेकॅनिक टीव्हीतल्या दुरुस्तीसाठीच्या छुप्या ‘सर्व्हिस मेन्यू’तून हा आकार थोडा कमी करू शकतो. टीव्हीचे मागचे झाकण मात्र घरी कधीही उघडू नये. रंगीत नळीला वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो आत बराच वेळ टिकून राहू शकतो.

टीव्हीतच १६:९ असेल तर

नळीच्या शेवटच्या पिढीतील काही सपाट काचेच्या संचांना स्वतःच्या मेन्यूत ‘१६:९’ किंवा ‘वाइड मोड’ दिलेला असतो. पुष्कळांना तो वर्षानुवर्षे माहीतही नसतो. हा मोड लावला की टीव्ही आपल्या साऱ्या ओळी उंचीच्या पाऊण भागात गोळा करतो. अशा संचावर वरचा सल्ला नेमका उलटा करावा, म्हणजे बॉक्सला टीव्ही १६:९ असल्याचे सांगावे आणि टीव्हीवर हा मोड लावावा. चित्राचा आकार लेटरबॉक्सइतकाच राहतो, पण ४३२ऐवजी सर्व ५७६ ओळी त्यात येतात आणि बारीक अक्षरे लक्षणीय स्पष्ट होतात. टीव्हीचा रिमोट जपून ठेवावा, कारण पुढच्या बटणांवरून हा मोड सहसा लागत नाही.

फक्त एचडीएमआय असलेली उपकरणे

काही नव्या बॉक्सना आणि इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या स्टिकना फक्त एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्हींना चित्र आणि आवाज एकाच केबलने देणारे चपटे सॉकेट, असते. त्यांच्यासाठी बाजारात छोटा कन्व्हर्टर मिळतो. विकत घेताना त्याची दिशा नीट वाचावी. आपल्याला एचडीएमआयकडून एव्हीकडे जाणारा हवा असतो, आणि एव्हीकडून एचडीएमआयकडे नेणारा दुसरा कन्व्हर्टर दिसायला थेट तसाच असतो, पण या कामाला निरुपयोगी आहे. कन्व्हर्टरला यूएसबीमधून वीज द्यावी लागते आणि त्यावरची खटकी पालवर ठेवावी लागते.

आकाराचा प्रश्न इथे अवघड होतो. स्वस्त कन्व्हर्टर येणारे रुंद चित्र सरळ दाबून ४:३च्या चौकटीत भरतो, आणि स्टिकला टीव्हीचा आकार सांगण्याची सोय बहुधा नसते. सेट टॉप बॉक्स असेल तर त्याच्या मेन्यूत ४:३ आणि लेटरबॉक्स लावून पाहावे, काही बॉक्स एचडीएमआयवरही ते पाळतात. तेवढ्याने भागले नाही, तर आकार बदलण्याचे बटण असलेला कन्व्हर्टर घ्यावा किंवा टीव्हीतला १६:९ मोड वापरावा. स्टिकऐवजी एव्हीचे छिद्र असलेला अँड्रॉइड बॉक्स मिळाला तर तो अधिक सोयीचा. त्याच्या मेन्यूत एव्हीचा उल्लेख ‘सीव्हीबीएस’ असा असतो आणि चित्र लहान-मोठे करण्याची सोयही बऱ्याचदा दिलेली असते. तरीही ॲपमधली बारीक अक्षरे या काचेवर वाचणे कष्टाचेच जाईल, कारण ती एचडी पडद्यासाठी आखलेली असतात.

एचडी वाहिन्यांचे जादा पैसे अशा संचासाठी भरू नयेत असे मी सुचवेन. एचडी चित्र एव्ही केबलमध्ये शिरतानाच ५७६ ओळींवर येते. मूळ चित्र स्वच्छ असल्यामुळे थोडा फरक जाणवू शकतो, परंतु दर महिन्याच्या बिलाच्या मानाने तो फार नाही.

सारे मनासारखे लागल्यावर मेन्यूतला मार्ग एका कागदावर लिहून बॉक्सच्या पाठीला चिकटवून ठेवावा. बॉक्सचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले, कोणी ‘फॅक्टरी रिसेट’ केले किंवा बॉक्स बदलून मिळाला, तर आकार पुन्हा १६:९वर जाऊ शकतो, आणि त्या दिवशी फोनवरून आईला किंवा आजोबांना ‘तिसऱ्या ओळीवर जा, उजवा बाण दाबा, एलबी आले की ओके करा’ असे सांगणे त्या कागदामुळे सोपे जाते.